अठ्ठावन्नपर्यंतचे बाबा

बाबांच्या तेराव्याचे बुंदीचे लाडू डब्यात शिल्लक असतानाच मी एका संगणक प्रकल्पाची मार्गदर्शक झाले. मी बोरिवलीच्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. संगणकाशी माझा संबंध पुस्तकांच्या नोंदी करण्यापुरता, आणि आमचा संगणक दुपारनंतर चालत नाही. तेव्हा हे पद मला कोणत्या गुणांवर मिळालं, असा प्रश्न सोसायटीत अनेकांना पडला. मलाही पडला होता. फरक इतकाच, की लोकांनी तो जिन्यात उभं राहून विचारला आणि मी मनात.

प्रकल्प खरा बाबांचा. कागदोपत्री तो प्रांजल आणि देवेश या दोन विद्यार्थ्यांचा होता. प्रांजल आमच्याच सोसायटीतली, बी विंगमधली. देवेश तिच्या वर्गातला, घाटकोपरहून कांदिवलीला यायचा. शेवटच्या वर्षाला कॉलेजात प्रकल्प करावा लागतोच, शिवाय परदेशातल्या एका संस्थेची उन्हाळी योजना होती. विद्यार्थ्यांनी मुक्त स्रोताचा एखादा प्रोग्राम आखायचा, म्हणजे ज्याची आतली मांडणी कोणीही पाहावी, वापरावी आणि चुकलं असेल तर सांगावं असा. सोबत एक अनुभवी मार्गदर्शक हवा. बाबा, म्हणजे कुंडलिक परब, विमा कंपनीच्या संगणक विभागातून निवृत्त झालेले. प्रांजलनं त्यांना लिफ्टमध्ये गाठलं आणि तळमजल्यापासून चौथा मजला येईपर्यंत ते मार्गदर्शक झालेले होते. आमची लिफ्ट हळू आहे.

कल्पना त्यांचीच. काचबिंदूनं त्यांची नजर उतरत चालली होती. माणूस ओळखू यायचा, बसचा नंबर यायचा नाही. थांब्यावर शेजारच्याला विचारावं तर त्याच्या कानात काहीतरी खोचलेलं. एकदा स्टेशनला जायला निघालेले बाबा चारकोपला पोचले आणि तिथून त्यांनी मला फोन केला, की मी हरवलेलो नाही, बस चुकलेली आहे. म्हणून हा प्रोग्राम. फोन बसकडे धरायचा, फोननं पाटीवरचा नंबर वाचायचा, मराठी आकड्यांतला असला तरी, आणि तो मराठीत मोठ्यानं सांगायचा. सांगणारा आवाज बाबांचा. त्यांनी घरी बसून आकडे बोलून ठेवले होते. आधी शंभर, दोनशे असे शेकडे, मग एकपासून पुढे. सगळे नाहीत. अठ्ठावन्नपर्यंत.

ते रेकॉर्डिंग मी ऐकलं नव्हतं आणि ऐकायचा विचारही नव्हता. पण ते कुठेतरी आहे, वापरात आहे आणि कोणी पुसणार नाही, एवढं मला हवं होतं. प्रकल्प बंद पडला तर ते वापरात राहणार नाही हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या पुढच्या सगळ्या वागण्याचं कारण एवढंच आहे. त्या वेळी मी ते कोणालाही सांगितलं नाही. ग्रंथपालानं कारण सांगायचं नसतं, नियम सांगायचा असतो.

मुलं समाचाराला आली तेव्हा सोफ्याच्या अगदी कडेवर बसली. लाडू खाल्ले. पाणी प्यायली. बराच वेळ पंख्याकडे पाहून झाल्यावर देवेश म्हणाला, की ताई, योजनेच्या खात्यात जायचंय, सरांच्या फोनवर आत्ता एक ओटीपी आला असेल, तो मिळाला असता तर. फोन मी टीव्हीशेजारी त्याच्या जागी चार्ज करून ठेवत होते. उठून आणेपर्यंत वेळ गेली. मयत माणसाचा ओटीपी हयात माणसाच्या ओटीपीइतकाच चटकन बाद होतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसरा मागवला.

दुसऱ्याच्या नावानं असं आत शिरणं मला पटेना. मी त्या संस्थेला मेल लिहिली, की मार्गदर्शक श्री. परब यांचं निधन झालं आहे. लगेच उत्तर आलं, इतकं लगेच की माझा चष्मा अजून नाकावर होता. कळवल्याबद्दल आभार, हा बदल मार्गदर्शकांनी स्वतःच्या खात्यातून मंजूर करावा. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार. तिसऱ्यांदा मात्र कोणी जिवंत माणूस भेटला असावा. त्यानं दोन ओळी दुःखाच्या लिहिल्या आणि तिसऱ्या ओळीत दुसऱ्या मार्गदर्शकाचं नाव मागितलं. मुदत जवळ आलेली. समोर मी बसलेली. 'फक्त नाव द्या, ताई,' प्रांजल म्हणाली. 'बाकी आम्ही बघतो.' आयुष्यात ज्यांनी ज्यांनी मला हे वाक्य ऐकवलं, त्यांचं बाकीचं सगळं मीच पाहिलेलं आहे.

कॉलेजच्या ऑफिसात यापेक्षा गंभीर अडचण निघाली. मार्गदर्शक बदलायचा तर आधीच्या मार्गदर्शकाचं ना-हरकत पत्र लागतं. मी तिथल्या गृहस्थांना परिस्थिती सांगितली. त्यांनी मान हलवली, खरोखर वाईट वाटल्यासारखी, आणि म्हणाले, मग मृत्यूचा दाखला जोडा. मी म्हटलं, म्हणजे पत्र लागणार नाही ना. ते म्हणाले, पत्र लागेलच, दाखला पत्रासोबत जोडायचा. शेवटी मी वारस या नात्यानं लिहून दिलं, की माझ्या वडिलांची माझ्या नेमणुकीला हरकत नाही. खाली सही केली. मग वाटलं, हरकत असती तर त्यांनी ती दारातच घेतली असती. मला साधा गॅसचा नंबर लावायचा असला तरी ते मागे उभे राहून हरकत घेत.

रविवारी सकाळी बैठका सुरू झाल्या. बाबांची पद्धत मला स्वयंपाकघरातून ऐकून माहीत होती. आधी सगळं कागदावर लिहायचं, संगणक बंद. मग मुलांनी एकेक वाक्य वाचायचं आणि बाबांनी दर वाक्याला विचारायचं, 'कोणासाठी?' माझ्याकडे दुसरं काहीच भांडवल नव्हतं, म्हणून मीही तेच विचारू लागले. देवेशला प्रोग्राममध्ये चार रंगांचे पडदे हवे होते. मी विचारलं, कोणासाठी. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी रंग बदलतोय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं ते खोडलं. वापरणाऱ्यानं आधी नाव, जन्मतारीख आणि ईमेल भरावी असं एक कलम होतं. कोणासाठी. तेही गेलं. सरांपेक्षा मॅडम कडक आहेत असं देवेशनं वर्गात सांगितल्याचं पुढे कानावर आलं. मला त्यांच्या बोलण्यातलं अर्धंअधिक कळत नव्हतं. न कळणारा माणूस गप्प बसला की कडक दिसतो, एवढंच.

दारातल्या चपलांवरून सोसायटीचे सेक्रेटरी पेडणेकर वर आले. सदनिकेत क्लास चालवायला मनाई आहे, अशी सूचना त्यांनी आधी नोटीस बोर्डावर लावली होती आणि मग ती वाचून दाखवायला ते स्वतः आले होते. मी समजावून सांगितलं की हा क्लास नाही, पैसे घेत नाही, तयार होईल ते जगात कोणीही फुकट वापरू शकेल.

'ताई, फुकट कोण कायच करत नाय,' ते म्हणाले. 'नाव सांगा ना सरळ, पाठी कोण आहे?'

माझ्या पाठी त्या वेळी बाबांची खुर्ची होती. ती रिकामीच ठेवायची माझी पद्धत होती. पेडणेकर तिच्यात बसले आणि त्यांनी प्रकल्पात सुधारणा सुचवल्या. बसच्या नंबरापेक्षा आपल्या पार्किंगमध्ये बाहेरच्या गाड्या कोण लावतो ते ओळखणारं काहीतरी करा. बसवाल्यांना त्यांचे नंबर माहीत असतात. तेवढ्यात समोरच्या शकुमावशी आल्या. त्यांचं मत वेगळं होतं. 'काय गो सुलू, वर्साच्या आत नवीन काम काढलंस? निदान नारळ तरी फोड.' नारळ त्यांनीच आणला होता. देवेशनं तो फोडला आणि पाणी त्याच्या लॅपटॉपच्या पिशवीवर गेलं. शकुमावशी म्हणाल्या, आता काम होणार. पिशवी वाळत घातली.

आता उरलेल्या आकड्यांचं काम. एकोणसाठपासून नव्व्याण्णवपर्यंत बोलायला कोणीतरी हवं होतं. मुलांनी मला विचारलं. मी म्हटलं, माझा घसा बसलाय. घसा ठणठणीत होता, पण बाबांच्या आवाजाला आवाज जोडायचा तर आधी तो ऐकावा लागणार होता. देवेशनं स्वतः प्रयत्न केला. एकोणसत्तरच्या जागी तो शांतपणे एकोणसाठ म्हणाला. प्रांजलनं त्याला हसून दुरुस्त केलं आणि पुढे एकोणऐंशी की एकोणनव्वद यात स्वतः अडकली. दोष त्यांचा नव्हता. ही मुलं शाळेत इंग्रजीत मोजायला शिकली आणि मराठीत फक्त आरत्या म्हणायला.

ही अडचण जिन्यातून खाली उतरली आणि पेडणेकरांपर्यंत पोचली. ज्यात कोणीही मदत करू शकतो असं काम आहे म्हटल्यावर सोसायटीला बाजूला ठेवणं त्यांना नियमबाह्य वाटलं. त्यांनी ग्रुपवर आवाहन केलं. दोन दिवसांत बाबांच्या आणि माझ्या फोनवर आवाजांचा पूर आला. शकुमावशींच्या एकसष्टमागे कुकरची शिट्टी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शाहभाभींनी प्रेमानं सगळे आकडे गुजरातीत पाठवले. एका आजोबांनी पासष्ट म्हणून झाल्यावर त्यांच्या पासष्टीचा किस्सा सांगितला होता. अखेर पेडणेकरांनी हा गोंधळ थांबवायला सेक्रेटरी या नात्यानं सगळे आकडे स्वतःच्या आवाजात दिले. त्यांचा आवाज चांगला आहे. गणपतीत हाउजीचे आकडे तेच पुकारतात. प्रांजलनं पहिले सात-आठ ऐकले, स्वच्छ होते. बाकीचे तसेच जोडले.

परीक्षेआधी ब्लॅक बुक. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प काळ्या कव्हरात, सोनेरी अक्षरांत बांधून द्यावा लागतो, त्याला असं म्हणतात. प्रोग्रामची प्रत्येक ओळ छापायची, जी कोणी कधी वाचत नाही. जगात कोणालाही फुकट उघडता येणारी गोष्ट आम्ही कांदिवली स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून शिवून बंद करून घेतली. नियमाप्रमाणे शेवटी परिशिष्टं. परिशिष्ट अ, बसच्या पाट्यांचे फोटो. परिशिष्ट ब, बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि माझं ना-हरकत पत्र.

परीक्षेला मार्गदर्शकानं हजर राहायचं असतं. मी इस्त्रीची साडी नेसून गेले. विभागप्रमुख क्षमा मॅडम होत्या, आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, ज्यांना लवकर निघायचं होतं. देवेशनं फोन धरला. प्रांजलनं समोर बसच्या पाटीचं मोठं चित्र उभं केलं. नंबर दोनशे सत्त्याहत्तर.

'दोनशे,' बाबा म्हणाले.

मी तयारीत नव्हते. आवाज येणार हे मला माहीत होतं, आणि तरी तयारीत नव्हते. त्यांनी ते नेहमीसारखंच म्हटलं होतं, समोरच्यानं आधीच एकदा न ऐकल्यासारखं. त्यालाच लागून पेडणेकर म्हणाले, 'सत्त्याहत्तर, दोन म्हातारे काठी टेकत आले. लाइन झाली का कोणाची?'

कोणाचीही झाली नव्हती. बाहेरच्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. प्रांजलनं घाईनं चित्र बदललं, तर फोननं त्र्याऐंशी म्हणून पुढे फुल हाउसला अजून बक्षीस बाकी असल्याची घोषणा केली. मी खिडकीतून बाहेर पाहू लागले. बाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत होती. ती मी पूर्ण पाहिली. मला हसू येत होतं की दुसरं काही, ते मला ठरवता येत नव्हतं, आणि मार्गदर्शकाच्या चेहऱ्यावर यांतलं काहीच दिसणं बरं नव्हतं.

क्षमा मॅडमनी बोलणं टाळण्यासाठी ब्लॅक बुक उघडलं. पुस्तक बहुतेक मागून उघडायची त्यांना सवय असावी. परिशिष्ट ब त्यांनी वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तक हलकेच मिटलं. 'काम चांगलं आहे,' त्या म्हणाल्या. 'आवाज तेवढा बदला. यंत्राचा घ्या. स्वच्छ असतो.'

पुढच्या रविवारी देवेश यंत्राचा आवाज घेऊनच आला. बाईचा होता, शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत न अडखळणारा, न थकणारा. मी म्हटलं, सरांचा ठेवू या. देवेशनं प्रांजलकडे पाहिलं. प्रांजल कागदावर रेघा ओढत होती. ती मान वर न करता म्हणाली, 'ताई, कोणासाठी?'

तिनं ते खोडसाळपणानं विचारलं नव्हतं. पद्धतच होती. तिला माझ्याकडून उत्तर हवं होतं, आणि माझ्याकडचं उत्तर प्रकल्पाच्या कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. मी चहा टाकायला आत गेले. चहा उकळला, ओट्यावर उतू गेला, मी ओटा पुसला. बाहेर आले तेव्हा प्रांजलनंच तोड काढली होती. ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच विचारू.

मीराताई आमच्याच थांब्यावर उभ्या राहतात. अंधेरीला एका बँकेत टेलिफोनवर असतात. दृष्टी जवळजवळ नाही. सोमवारी सकाळी आम्ही तिघं त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिलो. एका बसला यंत्राची बाई बोलली, दुसऱ्या बसला बाबा. बाबांच्या आवाजाची बस छत्तीस नंबरची निघाली, पेडणेकर टळले. मी काहीही बोलायचं नाही असं ठरवलं होतं आणि पर्सचा पट्टा धरून उभी होते.

'ही बाई गोड आहे,' मीराताई म्हणाल्या. 'पण अशा बाया सगळीकडे बोलतात हो. लिफ्टमध्ये, बँकेत, फोनवर. गर्दीत विरघळून जाते ती. हा माणूस खेकसतो, तो ऐकू येतो.' मग त्यांनी विचारलं, 'पण अठ्ठावन्नच्या पुढं काय? ही मुलगी म्हणते, याच्या आवाजात पुढचे आकडे नाहीत. पुढच्या बसनं मी जायचंच नाही का?'

देवेशनं माझ्याकडे पाहिलं नाही. प्रांजलनं पाहिलं.

त्याच दुपारी मी शाळेतून अर्धी रजा घेऊन घरी आले, दार लावलं आणि बाबांचा फोन घेऊन बसले. शेकडे झाले. एक ते दहा झाले. वीसनंतर त्यांना कंटाळा आला होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता. चव्वेचाळीसला खाकरले. मधेच खिडकीवरच्या कबुतराला हाकललं. पंचावन्न. छप्पन्न. सत्तावन्न. अठ्ठावन्न. मग फोनपासून तोंड वळवून ते म्हणाले, 'सुलू, चहा झाला की नाही?'

आणि लांबून, भांड्यांच्या आवाजातून मी म्हणाले, 'कधीचा झालाय. निवतोय तिथे.'

'मग सांगायचं नाही? आलो. बाकीचे उद्या.'

खुर्ची सरकली. रेकॉर्डिंग संपलं. त्या उद्याला आम्ही हॉस्पिटलात होतो.

ऐकणाऱ्याला वाटलं असतं, दोन माणसं भांडतायत. आमचं भांडण नव्हतं. आम्ही चहा प्यायला बसत होतो. मी ते पुन्हा ऐकलं नाही. तोंड धुतलं, फोन त्याच टेबलावर ठेवला, आणि एकोणसाठ म्हटलं. पहिल्यांदा फार मऊ आला, शाळेतल्या प्रार्थनेसारखा. मग कोणीतरी मला नंबर विचारलाय, मी सांगितलाय, आणि त्याला तो ऐकू आलेला नाही, असं मनाशी धरून पुन्हा म्हटलं. जमलं. तसेच नव्व्याण्णवपर्यंत गेले. शेवटी चहा टाकला, एकच कप.

थांब्यावरची पुढची चाचणी मी लांबून पाहिली. एक बस वळणावरून आली. मीराताईंनी हात लांब करून फोन धरला. 'दोनशे,' बाबा म्हणाले. 'एकोणसाठ,' मी म्हणाले. मीराताई पुढे झाल्या आणि बसमध्ये चढल्या. त्यांना बहुतेक वळून काहीतरी सांगायचं होतं, पण मागून माणसं चढत होती.

उन्हाळी योजनेत आमची निवड झाली नाही. या वर्षी अर्ज फार आले होते, असं त्यांनी कळवलं, आणि हेही उत्तर पटकन आलं. पेडणेकर चिडले. आपले आकडे काढल्यामुळेच हे झालं, असं ते अजूनही जिन्यात सांगतात, मात्र नोटीस त्यांनी बोर्डावरून उतरवली. शकुमावशींच्या मते नारळ आतून थोडा खराब होता, त्या वेळी बोलल्या नाहीत इतकंच. मुलं उत्तीर्ण झाली. योजना नाही, परीक्षा नाही, मार्गदर्शकाची गरज नाही, तरी रविवारी येतात. प्रोग्राम सगळ्यांसाठी उघडा ठेवलेला आहे. तिथे कोणीही काही तक्रार लिहू शकतं आणि तिला उत्तर देणं मार्गदर्शकाचं काम असतं, असं प्रांजल म्हणते.

गेल्या रविवारी पहिली तक्रार आली. सांगलीच्या एका गृहस्थांची. त्यांनी आईसाठी प्रोग्राम घेतला आहे, नंबर बरोबर येतात, आभार. फक्त, यातले काका फार रागावून बोलतात, आणि साठच्या आसपास मधेच एक बाई सुरू होतात, त्याही रागावलेल्याच. हे दोघं थोडं सौम्य बोलू शकतील का?

देवेश म्हणाला, मॅडम, काहीतरी सभ्य उत्तर लिहायला हवं. प्रांजलनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला. लिहिण्यासाठी मला बसायला जागा हवी होती, आणि दुसरी रिकामी नव्हती, म्हणून मी बाबांच्या खुर्चीत बसले. थोडा विचार करून लिहिलं:

'रागावलेलं कोणीही नाही. आमच्याकडे असंच बोलतात.'